न चढवलेलं रक्त

राजाजीनगरात गाडी शिकलेल्या बायकांपैकी निम्म्या तरी प्रतिमाअक्कांच्या हाताखालून गेल्या असतील. जुनी पांढरी मारुती, डाव्या बाजूला जास्तीचा क्लच आणि ब्रेक, आणि त्या सीटवर पदर खोचून बसलेल्या अक्का. त्यांची शिकवण्याची रीत जरा वेगळी होती. पहिल्या दिवशी त्या गाडी सुरूच करू देत नसत. आधी बॉनेट उघडायचं, आत बघायचं आणि प्रश्न विचारायचे.

"कन्नडात विचार, मराठीत विचार, येत असेल त्या भाषेत विचार," त्या म्हणायच्या. "पण विचारल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

नागपूरहून नोकरीसाठी आलेली शाल्मली पहिल्या दिवशी या प्रकाराला चांगलीच वैतागली होती. तिला नुसती गाडी चालवायची होती. पण पायाखालचा ब्रेक दाबला की चाकापर्यंत नेमकं काय पोचतं, हे अक्कांनी तिला जमिनीवर उकिडवं बसवून दाखवलं, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की आपली भीती बरीचशी गेलेली आहे.

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की पुण्या-मुंबईकडच्या मुलींना ती गंमत वाटे. "स्वल्प थांब, मग गिअर टाक," असं अक्का म्हणाल्या की शाल्मलीला हसू यायचं. अक्कांना त्याचं काही वाटत नसे. उलट तुमच्याकडे याला काय म्हणतात, असं त्याच विचारत. प्रश्न विचारणं हा त्यांचा स्वभावच होता. भाजीवाल्याला, बँकेतल्या बाईला, रस्ता खणणाऱ्या माणसांना त्या थांबून विचारत. नवरा गिरीराज, सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेला शांत माणूस, अशा वेळी दहा पावलं पुढे जाऊन उभा राहायचा.

एका बाबतीत मात्र अक्कांनी आयुष्यात कधी प्रश्न विचारला नव्हता. ती बाब म्हणजे रक्त.

त्यालाही कारण होतं. मुलाच्या, राजसच्या, जन्माच्या वेळी त्यांना अतोनात रक्तस्राव झाला होता. खोलीतला उजेड कमी कमी होत गेला, माणसांचे आवाज लांब गेले, हे त्यांना आठवत होतं. मग हातातून काहीतरी गार वर चढत गेलं आणि आवाज परत जवळ आले. रक्त कुणाचं होतं ते कळलं नाही. अंगात ताकद आल्यावर त्या आपण होऊन रक्तपेढीत गेल्या आणि पुढे जात राहिल्या. मग शिकवणीच्या बायकाही येऊ लागल्या. लायसन्स हातात पडलं की पेढे नकोत, एकदा माझ्याबरोबर रक्त द्यायला चल, अशी त्यांची गुरुदक्षिणा असे. हळूहळू आजूबाजूच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक झालं की रक्त हवं असेल तर अक्कांना फोन करायचा. "अक्का, चार बाटल्या लागतील," असा फोन आला की त्या सहा जणी उभ्या करत. चारच का, कशासाठी, हे त्यांनी कधी विचारलं नाही. रक्त दिलं की माणूस वाचतो. यात विचारण्यासारखं आहे काय?

त्या दिवशी सकाळी शाल्मलीला रिव्हर्स शिकवणं चाललं होतं. शेजारणीचा फोन आला. गिरीराज न्हाणीघराच्या दारात पडला होता. अक्कांनी शाल्मलीला बाजूला सरकवलं आणि गाडी स्वतः घेतली. घरी पोचल्या तर तो भिंतीला टेकून बसलेला, चेहरा कागदासारखा, कपाळावर घाम. बादलीत उलटी होती, कॉफीच्या चोथ्यासारखी.

"कालपासून शौचाला डांबरासारखं काळं होतंय," तो पुटपुटला. "तुला सांगणार होतो."

दोघींनी त्याला मागच्या सीटवर आडवं केलं. शाल्मली त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. हॉस्पिटलात गेल्यावर एकेक गोष्ट बाहेर आली. गुडघा दुखतो म्हणून तो दोन महिने औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होता, कधीकधी रिकाम्या पोटी. घरात कुणाला पत्ता नव्हता. नाडी वेगात, रक्तदाब खाली, हिमोग्लोबिन साडेआठ. पोटात कुठेतरी रक्त वाहत होतं. त्याला सलाईन लावलं, शिरेतून आम्लावरचं औषध सुरू केलं आणि आयसीयूत नेलं.

अक्कांना आपलं काम ठाऊक होतं. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. दुपारपर्यंत खाली रक्तपेढीसमोर पंधरा-वीस माणसं जमली. जुन्या विद्यार्थिनी, त्यांचे नवरे, एकीचे सासरेसुद्धा. गिरीराजचा धाकटा भाऊ दयानंद इलेक्ट्रॉनिक सिटीहून उड्डाणपुलावरच्या गर्दीतून वाट काढत पोचला. रक्त द्यायला जमलेली माणसं बघून त्याचा जीव जरा भांड्यात पडला.

मग आयसीयूच्या डॉक्टर बाहेर आल्या. हर्षिता त्यांचं नाव, वय पस्तिशीच्या आसपास, मोकळं कन्नड बोलणाऱ्या.

"अम्मा, ते सध्या स्थिर आहेत," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी दुर्बीण घालून आतून बघू. रक्त मात्र आत्ता देणार नाही."

अक्कांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "माणसं खाली तयार आहेत, डॉक्टर. रक्ताची अडचण नाही."

"रक्त आहे. गरज नाही."

"साडेआठ आहे म्हणालात. आणि गरज नाही?"

"सातच्या खाली गेलं तर देऊ. त्यांना हृदयाचा आजार नाही, असता तर जरा आधी दिलं असतं. आणि रक्त जोरात वाहायला लागलं, रक्तदाब धरेना झाला, तर आकड्याची वाट बघत बसणार नाही."

दयानंदला राहवलं नाही. "रस्त्यावर माणूस पडला तर कुणीही रक्त देतं. तुमच्याकडे देणारे रांगेत उभे आहेत आणि तुम्ही थांबा म्हणता. वैनी, अण्णाला आपण दुसरीकडे नेऊ. मी ॲम्ब्युलन्स बघतो."

डॉक्टर हर्षिता शांतपणे म्हणाल्या, "नेऊ शकता. पण आत रक्त वाहत असताना हलवणं धोक्याचं आहे, हे मला सांगायलाच हवं." आणि त्या आत गेल्या.

दयानंद फोन काढून लांब गेला. अक्का तशाच उभ्या राहिल्या. आयुष्यभर ज्या गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, ती गोष्टच कुणी नको म्हणत होतं. आधी राग आला, मग भीती वाटली. आणि त्या दोहोंच्या खालून त्यांची जुनी खोड हळूच वर आली. सात का? आठ का नाही? हे कुणी ठरवलं?

शाल्मली म्हणाली, "अक्का, मग विचारा ना. मला तर पहिल्या दिवशी तासभर विचारायला लावलं होतंत."

अक्कांनी आयसीयूची घंटा वाजवली आणि डॉक्टरांना पुन्हा बाहेर बोलावलं. डॉक्टरांच्या कपाळावर किंचित आठी होती.

"भांडायला नाही बोलावलं," अक्का म्हणाल्या. "समजून घ्यायचंय. सात कुठून आलं?"

डॉक्टर हर्षिता भिंतीला टेकल्या. "पूर्वी आम्हीही रक्त देऊन आकडा नऊ-दहावर न्यायचो. माझ्या शिक्षकांनी तेच शिकवलं. मग काही डॉक्टरांनी हे नीट तपासून बघायचं ठरवलं. असेच पोटातून रक्त जाणारे शेकडो रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला सढळ हातानं रक्त, दुसऱ्या गटाला हात राखून. सगळ्यांना वाटत होतं सढळ हात जिंकेल. पण हात राखून दिलेल्यांमध्ये जास्त माणसं जगली. पुन्हा रक्तस्राव होणारेही कमी निघाले."

"का?"

"काही कळलंय, काही नाही. आत जिथे फुटलंय तिथे शरीर गुठळी बसवत असतं. वरून भराभर रक्त भरलं की दाब वाढतो आणि ती गुठळी सुटू शकते. यकृताच्या रुग्णांत हे स्पष्ट दिसतं. तुमच्या यजमानांना बहुधा अल्सर आहे, त्यात तितकं ठामपणे नाही सांगता येत. शिवाय दुसऱ्याचं रक्त अंगाला मानवेलच असं नसतं. कधी ताप येतो, कधी फुप्फुसात पाणी साचतं."

'नाही सांगता येत' हे शब्द अक्कांच्या कानात राहिले. आपल्याला काय माहीत नाही ते सांगणारं माणूस त्यांना नेहमीच भरवशाचं वाटे. तरी मनातली शेवटची गोष्ट त्यांनी बोलून टाकली.

"मला रक्त दिलं म्हणून मी इथे उभी आहे, डॉक्टर. बाळंतपणात."

"तेव्हा ते धो धो वाहत असणार. तिथे मीही क्षणभर थांबले नसते. रक्त वाईट नाही, अम्मा. ते औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते. त्या दिवशी तुमची मात्रा मोठी होती."

अक्का खाली गेल्या. रक्तपेढीच्या दाराशी थांबलेल्या बायकांनी त्यांना घेरलं. काय सांगावं ते सुचेना, म्हणून त्या आधी काउंटरवर गेल्या. तिथे बसवंत नावाचा तंत्रज्ञ होता.

"एवढ्या सगळ्यांचं घेऊ नका अक्का," तो म्हणाला. "आज साठा चांगला आहे. दोघं-तिघं द्या, बाकीच्यांना पुढच्या महिन्यात पाठवा. सुट्ट्यांमध्ये कुणी फिरकत नाही, तेव्हा आम्ही रिकामे असतो."

"आमच्या माणसाला आमचंच रक्त मिळतं का?"

"नाही. आधी तपासण्या होतात, मग वेगळं करतात. तुमचं जातं दुसऱ्या कुणाला."

"वेगळं करतात म्हणजे?"

बसवंतनं त्यांना काचेपाशी नेलं. आत एका यंत्रातून पिशव्या बाहेर काढत होते. प्रत्येक पिशवीत खाली गर्द लाल थर होता आणि वर पिवळसर, ताकाच्या निवळीसारखं पाणी. लाल पेशी एकाला जातात, पाण्याचा भाग दुसऱ्याला, आणि मधल्या पातळ थरातून प्लेटलेट काढतात, त्या आठवडाभरही टिकत नाहीत, असं त्यानं सांगितलं. अक्का काचेला नाक लावून बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या खाटेवर पडून छताकडे बघत आल्या होत्या. आपल्या एका पिशवीचे तीन वाटे होतात, हे त्यांना आज कळत होतं.

"यजमानांना द्यायचं झालं तर काय देतील?"

"फक्त खालचं लाल."

त्या बाहेर आल्या. ज्यांनी बऱ्याच दिवसांत दिलं नव्हतं अशा तिघींना त्यांनी आत पाठवलं आणि बाकीच्यांना घरी जायला सांगितलं. दोघी-तिघींना ते आवडलं नाही. एवढ्या लांबून आलो आणि परत पाठवता, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दयानंद ॲम्ब्युलन्स ठरवून आला होता. अक्का त्याला म्हणाल्या, "नको नेऊ या. इथेच राहू दे."

"वैनी, उद्या काही झालं तर?"

"तर मी ठरवलं होतं असं सांग सगळ्यांना."

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. अक्कांनी जर्मनीतल्या राजसला फोन करून सगळं सांगितलं.

संध्याकाळी दुर्बीण घातली. लहान आतड्याच्या तोंडाशीच अल्सर होता आणि त्याच्या तळाची एक बारीक रक्तवाहिनी झिरपत होती. तिथे इंजेक्शन दिलं आणि एक छोटी क्लिप बसवली. रक्त थांबलं. पण नंतरच्या तपासणीत हिमोग्लोबिन सात पूर्णांक चार आलं. अक्कांनी लगेच डॉक्टरांना गाठलं.

"थांबलं म्हणता, मग उतरलं कसं?"

"ते आधीच गेलेलं रक्त आहे," डॉक्टर हर्षितांनी सांगितलं. "अंगातून रक्त जातं तेव्हा लाल पेशी आणि पाणी बरोबरीनं जातं. उरलेलं रक्त कमी असतं, पण पातळ नसतं. म्हणून पहिला आकडा बरा दिसतो. नंतर सलाईन मिसळतं तेव्हा खरा आकडा कळतो."

म्हणजे सकाळचा साडेआठचा आकडा आपल्याला फसवत होता. अक्का यावर बराच वेळ विचार करत बसल्या. भीती गेली नव्हती, पण तिला आता धरायला जागा मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना भेटायला आत सोडलं तेव्हा त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थबकल्या. नाडी पुन्हा चढली होती. गिरीराजच्या ओठांवर रंग नव्हता, मान घामानं ओली होती. परत शौचाला काळं झालं, असं नर्सनं सांगितलं. त्यानं डोळे उघडले, अक्कांकडे पाहिलं आणि मिटले.

अक्कांनी खाटेचा कठडा धरला. काल ॲम्ब्युलन्स परत पाठवली होती. पंधरा माणसं घरी पाठवली होती. आपण नवऱ्याचा जीव एका प्रश्नाच्या उत्तरावर टांगला का? त्या क्षणी त्यांना दुर्बीण, गट, मात्रा काही आठवेना. आठवली फक्त विझत गेलेली ती खोली.

तपासणीचा आकडा आला, सहा पूर्णांक सहा. डॉक्टर हर्षितांनी एका वाक्यात सांगितलं, "आता द्यायचं." काल संध्याकाळीच जुळवून ठेवलेली पिशवी लगेच वर आली. दोन नर्सनी मिळून पिशवीवरचा आणि मनगटावरच्या पट्टीवरचा नंबर मोठ्यानं वाचून ताडून पाहिला आणि थेंब सुरू झाले.

दयानंद दारातून म्हणाला, "एकच? दोन तरी लावा."

"एक देऊ. मग पुन्हा बघू," डॉक्टर म्हणाल्या.

त्यानं अक्कांकडे पाहिलं. आता तरी ही बाई बोलेल, असं त्याला वाटत असावं. अक्कांना बोलावंसंही वाटत होतं. दोन म्हणावं, चार म्हणावं. पण त्या म्हणाल्या, "एक. मग बघू." आणि खुर्ची खाटेजवळ ओढून बसल्या.

पिशवी थंड होती. नळीतून लाल उतरत होतं आणि गिरीराजच्या हातात शिरत होतं. अक्कांनी नर्सला विचारलं, "हे कुणी दिलं असेल?"

"ते आम्हालाही माहीत नसतं, अम्मा. नंबर असतो फक्त."

अक्का त्या नंबराकडे बघत बसल्या. कुणीतरी कुठल्याशा दुपारी खाटेवर पडून छताकडे बघत असेल, मग बिस्किटाचा पुडा आणि फळांचा रस घेऊन घरी गेलं असेल. त्यांना स्वतःला रक्त देणारा माणूसही असाच असेल. आजवर त्यांनी त्या माणसाची मनात मोठी मूर्ती करून ठेवली होती. आता तो बिस्किट खाणारा एक साधा माणूस दिसू लागला, आणि तोच जास्त जवळचा वाटला.

पिशवी संपल्यावर तासाभरानं तपासणी झाली. साडेसात. नाडी उतरली. पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं, तर क्लिप जागेवर होती आणि नवं रक्त कुठेच नव्हतं. सकाळी काळं पडलं ते आधीचंच साठलेलं होतं. दुसरी पिशवी लागली नाही.

दुपारी गिरीराजनं डोळे उघडून नीट पाहिलं. "तू डॉक्टरला फार छळलंस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"नर्स. ती म्हणाली, आता त्यांना विचारण्यासारखं काही उरलं नसेल."

"आहे अजून," अक्का म्हणाल्या. "गोळ्या खाताना मला का सांगितलं नाहीस?"

त्यानं डोळे परत मिटले.

आठवड्याभरात तो घरी आला. दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या, तपासणीत सापडलेल्या पोटातल्या जंतूवरचं औषध झालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दयानंद महिनाभर फारसा फिरकला नाही. नंतर तो येऊ लागला, जेवू लागला. पण दोन बाटल्या पहिल्याच दिवशी दिल्या असत्या तर अण्णा लवकर उठला असता, असं त्याला अजूनही वाटतं आणि तो तसं बोलूनही दाखवतो. अक्का वाद घालत नाहीत. आपली त्या सकाळची अवस्था त्या विसरलेल्या नाहीत.

रक्ताचे फोन आजही येतात. आता त्या आधी विचारतात, "डॉक्टरांनी मागितलंय की तुम्ही ठरवलंय?" काहींना याचा राग येतो. महादेवपुऱ्याहून एका तरुणानं फोन केला होता, त्याच्या बायकोचा अपघात झालेला. हा प्रश्न ऐकून तो रडायलाच लागला. अक्कांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. शाल्मलीला आणि आणखी दोघींना घेऊन शहराच्या त्या टोकाला गेल्या. तिथे खरोखरच बऱ्याच पिशव्या लागल्या. बाकीच्या बायका मात्र आता आळीपाळीनं, सुट्ट्यांच्या दिवसांत जातात. बसवंत अक्कांना आधी कळवतो.

तीन महिन्यांनी गिरीराजला तपासायला नेलं. हिमोग्लोबिन बारा झालं होतं. डॉक्टर हर्षिता कागद बघून खूश झाल्या.

"एकच पिशवी दिली होती," अक्का म्हणाल्या. "मग बाकीचं आलं कुठून?"

"त्यांनी स्वतः बनवलं."

"कुठे?"

"हाडांच्या आत. मणक्यात, कमरेच्या हाडात, इथेही." डॉक्टरांनी स्वतःच्या छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं.

अक्कांनी वळून गिरीराजच्या शर्टावरून ते हाड बोटानं चाचपलं, हळूच दाबूनही पाहिलं. तो अवघडून डॉक्टरांकडे बघत राहिला.

"आत्ता, या क्षणीसुद्धा बनतंय?"

"सरी, बरोबर," डॉक्टर हसल्या, "आत्तासुद्धा. झोपेतसुद्धा."

परतीच्या वाटेवर गाडी अक्का चालवत होत्या. रोज किती बनत असेल, जुन्या पेशी जातात कुठे, म्हाताऱ्या माणसाचं हाड दमत नाही का, असं त्यांचं चाललं होतं. सिग्नल हिरवा झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

"पुढच्या वेळी विचार सगळं," गिरीराज म्हणाला. "आता गाडी काढ."